तोट्याच्या रकान्यात शून्य

आमच्या शाळेतल्या बहुतेक शिक्षकांची आयकराची रिटर्न एकच गृहस्थ भरून देतात. जुलै-ऑगस्टमध्ये ते लॅपटॉप घेऊन स्टाफरूममध्ये बसतात. फॉर्म १६ द्यायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा, तीनशे रुपये ठेवायचे आणि आपल्या तासाला निघून जायचं. वीस वर्षांच्या नोकरीत मी रिटर्नचा याहून जास्त विचार कधी केला नव्हता.

यंदा, म्हणजे २०२५ साली, माझा नंबर आला तेव्हा ते गृहस्थ थबकले. चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, हे १९४एस काय आहे? तुमच्या नावावर ३,५४० रुपये टीडीएस कापलाय. पगाराचा नाही हा."

मला ते काय आहे हे लगेच कळलं, पण शेजारी दोन सहकारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "बघून सांगते." त्यांनी आवाज खाली आणला. "आपण नेहमीचा आयटीआर-१ भरतो. त्यात हे बसत नाही. रक्कम किरकोळ आहे, सोडून द्या. आपण परत मागितलीच नाही तर कोण विचारतंय?"

त्या दिवशी नववीच्या वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

गोष्ट सुरू झाली होती भिशीपासून. आमच्या गल्लीत चौदा जणींची भिशी चालते, महिन्याला दहा हजारांची. मे २०२४ मध्ये माझा नंबर लागला आणि १,४०,००० रुपये हातात आले. ते अम्माच्या उमराहसाठी ठेवायचे असं ठरलं होतं. अम्मा बहात्तर वर्षांची, सोबत माझा धाकटा भाऊ जाणार होता. पण लगेच जायचं नव्हतं, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आधी व्हायचं होतं. म्हणजे पैसे वर्षभर तरी पडून राहणार.

मुलगा नुकताच बारावीची परीक्षा देऊन रिकामा झाला होता. दिवसभर मोबाइल. एके रात्री म्हणाला, "अम्मी, बँकेत ठेवलेस तर व्याज येणार, ते तुला चालत नाही. नुसते ठेवलेस तर महागाई खाणार. बिटकॉइन घेऊया. मला अजून अठरा पूर्ण नाहीत, खातं तुझ्या नावावर काढू. मी बघतो सगळं."

यात त्याचा दोष जेवढा, त्याहून माझा जास्त. व्याज नको, हे मी आयुष्यभर पाळलं. पण त्या रात्री माझ्या मनात व्याजापासून दूर राहण्याचा विचार कमी आणि एकाचे दोन होतील हा विचार जास्त होता. पॅन दिलं, आधार दिलं, बँक खातं जोडलं, कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे-उजवीकडे करून फोटो दिला. यांना सांगितलं नाही. यांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंड हातात घेऊन त्याचं वजन पाहिल्याशिवाय ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांना हवेतलं नाणं कसं समजावणार?

डिसेंबरपर्यंत सगळं छान होतं. अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर बिटकॉइन चढत गेला आणि ५ डिसेंबर २०२४ ला त्याने एक लाख डॉलरचा आकडा ओलांडला. दोन आठवड्यांनी मुलाने विकलं. १,४०,००० चे २,२४,००० झाले. मी मनातल्या मनात अम्मासोबत स्वतःचंही तिकीट काढून ठेवलं.

पण पैसे बँकेत आले नाहीत. ते एक्स्चेंजच्या खात्यातच राहिले. पुढे १७ जानेवारीला ट्रम्प यांच्या नावाचं नाणं बाजारात आलं. दोन दिवस त्याचा भाव असा काही उसळला की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या होस्टेलमध्ये कुणाला झोप आली नसेल. आमच्या चिरंजीवांनी उसळी संपत आली तेव्हा २,२०,००० रुपये अशाच दोन-तीन नव्या नाण्यांत घातले. फेब्रुवारीत घाबरून विकले तेव्हा १,३०,००० आले. वरचे थोडे धरून १,३०,४६० रुपये परत माझ्या बँकेत जमा झाले, तेव्हा त्याने मला सांगितलं. रडला. मी म्हटलं, "जाऊ दे, साडेनऊ हजार गेले. शिकलास ना? झालं." प्रकरण संपलं असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं.

स्टाफरूममधल्या त्या दिवसानंतर दोन रात्री मी विचार करत होते. तोटाच झालाय, मग कर कसला? उलट कापलेले ३,५४० परत मिळायला हवेत. तिसऱ्या दिवशी दसरा चौकात गेले. मुस्लिम बोर्डिंगच्या मागच्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं ऑफिस आहे. ती सीए झाली आहे. आमच्या उर्दू शाळेत सातवीत असताना मराठीच्या वहीत र्‍हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका करायची की मी तिला रोज थांबवून घ्यायची. (शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटीच्या कामाला हात दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शिकायला आलेले मुलगे असतील. त्या बोर्डिंगच्या सावलीत आज एक मुलगी लोकांचे हिशेब तपासत बसते, हे पाहून मला फार बरं वाटतं.)

"आपा, या ना," म्हणून तिने खुर्ची दिली. मी आकडे सांगितले. तिने एका कागदावर मांडले आणि विचारलं, "तुमच्या मते कर किती?"

"शून्य. ८४ हजार नफा, ९० हजार तोटा. सहा हजार खिशातून गेले."

ती हसली नाही. म्हणाली, "आपा, कर २६,२०८ रुपये."

मला आधी वाटलं तिने आकडा चुकून वाचला. मग तिने सगळं समजावून सांगितलं. ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण आपल्या कितीतरी घरांत अशी खाती आहेत आणि ती चालवणाऱ्या मुलांना भाव माहीत असतो, कायदा माहीत नसतो.

१ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी या नाण्यांवर कर जाहीर केला. कायद्यात त्यांना चलन म्हटलेलं नाही, 'आभासी डिजिटल मालमत्ता' म्हटलं आहे. आयकर कायद्यात ११५बीबीएच हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. नफ्यावर सरसकट ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर. पगार कमी असो की जास्त, नाणं महिनाभर ठेवलेलं असो की पाच वर्षं, दर तोच. करपात्र नसलेल्या मर्यादेचा फायदाही या उत्पन्नाला मिळत नाही. वजा करायला मिळते ती फक्त खरेदीची किंमत. एक्स्चेंजचं कमिशन, इंटरनेटचा खर्च, काही नाही.

आणि तोटा? एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. पगारातून होत नाही. पुढच्या वर्षी नेता येत नाही. तिने संगणकावर आयटीआर-२ मधला नाण्यांचा तक्ता उघडून दाखवला. प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदी किंमत, विक्री किंमत आणि शेवटी उत्पन्न. त्या शेवटच्या रकान्याच्या डोक्यावरच सूचना आहे की तोटा असल्यास शून्य लिहा.

नव्वद हजार रुपये. अम्माच्या तिकिटाचे, हॉटेलचे, तिथे वाटायच्या सदक्याचे. त्यांच्या जागी शून्य.

"पण पैसे बँकेत आलेच नव्हते," मी म्हटलं. "डिसेंबरात विकले ते तिथेच राहिले होते."

"आपा, विकलं त्या क्षणी कर लागला. बँकेत येण्याचा संबंध नाही. रुपये न घेता एका नाण्याच्या बदल्यात दुसरं नाणं घेतलं असतं तरी पहिलं विकलं असंच धरतात. मुलांना हेच कळत नाही. त्यांना वाटतं, घरी पैसे नेले नाहीत तर हिशेब कसला?"

मग १९४एस. १ जुलै २०२२ पासून नाणं विकताना किमतीच्या १ टक्का रक्कम कापली जाते. नफ्याच्या नव्हे, पूर्ण विक्रीच्या. आमचे २,२४,००० चे २,२४० आणि १,३०,००० चे १,३००, असे ३,५४०. हा वेगळा कर नाही, आपल्याच कराची आगाऊ रक्कम आहे आणि रिटर्नमध्ये ती वजा होते. पण तिचं खरं काम वेगळं आहे. ती कापली गेली की पॅनवर नोंद होते आणि खात्याच्या पोर्टलवर एआयएस नावाच्या वार्षिक उताऱ्यात दिसते. "कोण विचारतंय?" याचं उत्तर असं आहे की विचारायची गरजच नाही, आधीच लिहून ठेवलेलं आहे. जुन्या वर्षांत नाण्यांचे व्यवहार न दाखवलेल्यांना आयकर खात्याने याच वर्षी ईमेल पाठवले, हेही तिने सांगितलं.

मी विचारलं, "मग गुजरीत लोक सोनं घेतात-विकतात, त्यांचं काय?"

हा प्रश्न तिला आवडला असावा. म्हणाली, सोनं दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के. तोटा झाला तर तो दुसऱ्या भांडवली नफ्यातून नियमाप्रमाणे वजा होतो, उरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो. शेअरचंही साधारण तसंच. नाण्याचा दर मात्र लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यतीच्या रांगेतला आहे, तिथेही ३० टक्केच.

घरी येताना रिक्षात मला या कायद्याचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. जर्मनीत वर्षाहून जास्त ठेवलेलं खासगी नाणं विकलं तर कर लागत नाही. आपल्याकडे लोकांनी यापासून लांब राहावं असं सरकारला वाटत असेल तर ते मी समजू शकते. सट्ट्यावर जास्त कर लावा, माझी हरकत नाही. पण कमावलं ते मोजायचं आणि गमावलं ते मोजायचं नाही, याला माझ्या भाषेत हिशेब म्हणत नाहीत. आमच्या शाळेत एखाद्या मुलाच्या बरोबर उत्तरांचे गुण पुसून फक्त चुका मोजल्या तर पालक दारात उभे राहतील. इथे उलट्या बाजूने तेच झालं आहे.

मात्र राग येणं वेगळं आणि लपवणं वेगळं, हे घरी सगळ्यांना समजावणं कर भरण्यापेक्षा अवघड गेलं.

यांना त्या रात्री सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुण्यातलं ते गेनबिटकॉइनचं आठवतं ना?" २०१८ मध्ये गाजलेला तो घोटाळा. पुढे तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच नाणी लाटल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये अटक झाली, त्यात एक माजी आयपीएस अधिकारी होता. "जिथे राखणदारावरच संशय, तिथे तू अम्माचे पैसे घातलेस?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. आमचे पैसे ज्या महिन्यांत त्या ॲपमध्ये होते त्याच काळात, १८ जुलै २०२४ ला, मुंबईच्या वझीरएक्स या दुसऱ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली होती आणि लोकांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले होते. मुलाला तेव्हा ते माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

दुबईतल्या मामेभावाला फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, "आपा, इकडे पगारावर-नफ्यावर वैयक्तिक करच नाही. पुढच्या वेळी माझ्या नावावर घे." सीएबाईंना विचारलं. ती म्हणाली, भाऊ तिथे राहतो म्हणून त्याच्या उत्पन्नाला तिथला नियम. तुम्ही भारतात राहता, तुमचं उत्पन्न जगात कुठेही झालं तरी इथे दाखवायचं. पैसे तुमचे आणि नाव त्याचं, हे तर आणखी वाईट. आणि परदेशी एक्स्चेंजवर खातं असेल तर ते रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेत वेगळं लिहावं लागतं. गल्फशी नातं असलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं. भेट देण्याचंही तिने सांगितलं. आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको अशा जवळच्या नात्यात नाणं भेट दिलं तर घेणाऱ्याला कर नाही. मित्राने दिलं आणि वर्षातल्या अशा भेटींची किंमत पन्नास हजारांवर गेली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न ठरते.

मला सर्वांत जास्त छळलं ते जकातीने. २ मार्च २०२५ ला रमजान सुरू झाला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे वही काढून जकातीचा हिशेब केला होता. सोनं, रोकड, बँकेतले पैसे. या नाण्यांचे १,३०,४६० रुपये त्यात धरले आणि त्यावर अडीच टक्के, म्हणजे ३,२६१ रुपये ५० पैसे काढले. गेलेले पैसे गेले, जे हातात आहे त्यावर जकात. किती सरळ. तेव्हा वाटलं, या पैशांचं देणं दिलं गेलं. आता कळलं की जकातीने सरकारचं देणं फिटत नाही आणि कराने जकात फिटत नाही, दोन्ही वह्या वेगळ्या. आणि मार्चमध्येच मला त्या कराची कल्पना असती तर तो देणं म्हणून वजा करायचा की नाही, हा प्रश्नही मौलानांना विचारता आला असता.

मौलानांना नंतर विचारलं तेव्हा त्यांनी मुळावरच बोट ठेवलं. या नाण्यांबद्दल उलेमांचं एकमत नाही. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ च्या सुरुवातीला मनाई केली, इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये चलन म्हणून वापर हराम ठरवला, तर मलेशियात २०२० मध्ये शरिया सल्लागार मंडळाने व्यवहाराला परवानगी दिली. "बिटकॉइनबद्दल तुम्ही मतभेद सांगाल," ते म्हणाले, "पण जानेवारीत तुमच्या मुलाने जे केलं त्यात कुणाचा मतभेद असेल? कशावर पैसे लावतोय हे त्याला तरी ठाऊक होतं का?" मुलगा शेजारीच बसला होता. मान खाली.

कर भरायचा तर पैसे कुठून? २६,२०८ मधून ३,५४० वजा जाऊन २२,६६८ राहिले. वर्षात दहा हजारांवर कर निघत असेल तर तो आगाऊ हप्त्यांनी भरायचा असतो, तो भरला नव्हता म्हणून वर व्याज. सगळं मिळून चोवीस हजारांच्या आसपास. उमराहच्या पैशांतून घ्यायचे नाहीत असं मी ठरवलं. अम्माच्या पैशांना एकदा हात लावला तेवढा पुरे. पगारातून दोन महिन्यांत साठवले, थोडे यांनी दिले. मुलाने होस्टेलशेजारच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी धरली आहे. महिन्याला दोन हजार देतो. मी घेते. घेताना वाईट वाटतं, तरी घेते.

तक्ता भरायला तो माझ्याशेजारी बसला. एक्स्चेंजच्या ॲपमधून त्याने वर्षाचा उतारा काढला आणि तारखा, किमती वाचून दाखवल्या. नव्या नाण्यांची ओळ आली तेव्हा तो थांबला. "अम्मी, इथे शून्य टाकायचं?" मी म्हटलं, टाक. त्याने टाकलं. मग वहीत मात्र त्याच तारखेपुढे ९०,००० लिहून ठेवले. सूरह बकरामधली देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगणारी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हे त्याला लहानपणी मीच सांगितलं होतं. तेव्हा मला स्वतःला तरी ते कितीसं कळलं होतं?

ऑगस्टच्या शेवटी चलन भरलं, आधारच्या ओटीपीने रिटर्न पडताळलं. मुदत यंदा १५ सप्टेंबरपर्यंत वाढलेली होती, त्यामुळे दंड लागला नाही. अम्माला अजून पूर्ण गोष्ट सांगितलेली नाही. ऑपरेशन चांगलं झालं, ती आता काठीशिवाय अंगणापर्यंत जाते आणि पासपोर्टचं विचारते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका माझ्याजवळ येऊन बसल्या. इकडे-तिकडे पाहून त्यांनी मोबाइल पुढे केला. एआयएस उघडलेला. "आपा, १९४एस म्हणजे काय हो? दोन वर्षांपासूनचं दिसतंय. पोरगा म्हणतो, काही नसतं."

मी त्यांना सांगितलं की मागच्या वर्षांचं सुधारित रिटर्न, ज्याला अपडेटेड रिटर्न म्हणतात, ते आता चार वर्षांपर्यंत भरता येतं. पण जितका उशीर तितकी जास्त रक्कम. पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर २५ टक्के, दुसऱ्यात ५०, मग ६०, मग ७०. आणि दसरा चौकातल्या ऑफिसचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, "पोराला सोबत नेऊ का?"

"न्या," मी म्हटलं. "आणि उताऱ्याची प्रिंट काढून न्या. ती मोबाइलवर बघत नाही."